दोष मला देऊ नये

पोथी लिहून संपली की शेवटच्या पानावर आम्ही लिहिणारे एक ओळ टाकतो. मजकूर सगळ्यांचा थोड्याफार फरकाने तोच: जसे समोर पाहिले तसे उतरवले, चूक निघाली तर दोष मला देऊ नये. वडिलांनी मला बोरू धरायला शिकवला त्याच वर्षी ही ओळही शिकवली. बाकी काही विसरलास तरी चालेल, ही विसरू नकोस, असे त्यांनी बजावले होते. मी ती किती पोथ्यांखाली लिहिली असेन कोण जाणे. अर्थ मनात आणून मात्र एकदाही लिहिली नाही. जेवल्यावर हात धुवावेत तशी ती लिहायची, वर वाळू टाकायची, पोथी रुमालात बांधायची आणि उठायचे.

मी सांगतो आहे ती गोष्ट मी तिशीत असतानाची. माझे अक्षर चांगले होते. यात गर्व आहे, पण खोटे काही नाही. पुण्यात तेव्हा चांगल्या अक्षराचे पुष्कळ लोक होते आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटे की अक्षर म्हणावे ते आपलेच. मीही त्यातलाच. शिवाय माझा हात भराभर चालायचा आणि त्याची मला फार ऐट होती. लोक दोन दिवसांत करतील ते मी एका दिवसात करी आणि करून झाल्यावर चार जणांना सांगे.

नारायण पेठेत एक वैद्यबुवा होते. तान्ह्या मुलांच्या तापावर ते सहा वर्षे एक ग्रंथ करत होते आणि लिहिणारा मी होतो. ते सकाळी रोगी पाहत, दुपारी मला सांगत. माणूस कमी बोलणारा. औषध कडू आहे का, असे कोणी विचारले तर म्हणायचे, "गोड हवे असेल तर हलवायाकडे जा." पण मूल दाखवायला आणले की त्यांचा आवाज बदले.

ग्रंथ म्हणजे नुसते सांगणे नव्हे. आमच्याकडे माणूस आपले मत म्हणून काही सांगू लागला तर घरचेसुद्धा ऐकायला थांबत नाहीत. अमुक गोष्ट कोणत्या जुन्या ग्रंथात, कितव्या अध्यायात, कितव्या श्लोकात आहे ते दाखवावे लागते. ही जागा आम्ही समासात, म्हणजे पानाच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या पट्टीत, लिहीत असू. आधी ग्रंथाच्या नावाची दोन अक्षरे, त्यांवर गेरूचा हलका हात, मग अध्याय, मग श्लोक. वैद्यबुवांच्या ग्रंथात असे दोनशेवर दाखले होते आणि ते सगळे मीच शोधून, मांडून, लावले होते.

त्यातला एक दाखला बाकी सगळ्यांचा खांब होता. मुलाला ताप आला की आईचे दूध तोडावे, अशी त्या वेळी वैद्यांची रीत होती. वैद्यबुवांचे म्हणणे याच्या उलट होते. कितीही ताप असो, दूध तोडू नये; तोडले तर मूल तापाने नव्हे, उपासाने जाते. हे ते सांगत तेव्हा खलातला बत्ता थांबे. त्यांची पहिली मुलगी आठ महिन्यांची असताना तापली होती. तेव्हा ते स्वतः शिकाऊ होते. मोठ्या वैद्याने दूध तोडायला सांगितले आणि यांनी ते ऐकले. मुलगी तीन दिवस रडली, चौथ्या दिवशी रडली नाही. एवढेच त्यांनी मला एकदा सांगितले होते, आणि तेही माझ्याकडे न पाहता.

म्हणून बालरोगावरच्या एका जुन्या ग्रंथात 'तापातही दूध चालू ठेवावे' अशा अर्थाचा श्लोक मला सापडला तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून जेवू घातले. तो ग्रंथ सासवडच्या एका घरी होता. त्यांनी पोथी चार दिवसांपुरती दिली होती. चार दिवसांत मला तिच्यातले अडतीस दाखले काढायचे होते. अध्याय आणि श्लोक मोजत बसायला वेळ नव्हता, म्हणून मी पानाचा आणि ओळीचा आकडा टिपला: पान बेचाळीस, ओळ तिसरी. नंतर सवडीने मोजू, असे ठरवले. पोथी परत गेली. सवड काही आली नाही. मी पानांचे आकडेच समासात सुरेख अक्षरांत चढवले, त्यावर गेरू दिला आणि वैद्यबुवांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

मार्गशीर्षात सभा ठरली. शास्त्री आणि वैद्य मंडळी एका देवळाच्या मंडपात बसून ग्रंथ पारखणार होती. पसंत पडला तर सरकारातून त्याच्या बारा नकला होणार आणि त्या किल्ल्यांवरच्या वैद्यांकडे जाणार. नापसंत झाला तर रुमालात बांधून घरी. सहा वर्षांचे काम आणि त्याहून जुने एक दुःख त्या मंडपात ठेवले जाणार होते. वैद्यबुवा तोंडाने काही बोलत नसत, पण त्या दिवसांत त्यांची जपमाळ दिवसभर हातात असे.

दाखले तपासायचे काम शनिवार पेठेतल्या एका शास्त्रीबुवांकडे होते. त्यांच्या स्मरणाची ख्याती मोठी आणि जिभेची त्याहून मोठी. सभेच्या सहा दिवस आधी त्यांनी मला बोलावले. ओसरीवर आमचा ग्रंथ आणि त्याच बालरोगाच्या ग्रंथाची त्यांची स्वतःची पोथी, अशा दोन पोथ्या शेजारीशेजारी ठेवल्या होत्या.

"बसावे," ते म्हणाले. "आपण लिहिता, पान बेचाळीस. आमच्या पोथीत बेचाळिसाव्या पानावर जुलाबाचे औषध आहे. ताप शोधणाऱ्याला आपण जुलाब का देता?"

माझी कानशिले तापली. एकच ग्रंथ, पण सासवडच्या लिहिणाऱ्याचे अक्षर बारीक, पान लांब. यांच्या पोथीचे अक्षर टपोरे, पान आखूड. तिथले बेचाळिसावे पान इथे साठावे असेल नाहीतर सत्तरावे. कोणत्याही दोन पोथ्यांची पाने जुळत नाहीत. पानाचा आकडा म्हणजे त्या एका घरातल्या त्या एका पोथीचा पत्ता, इतर कोणाला त्याचा काडीचा उपयोग नाही. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पोथी लिहिणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते.

"घाईत होतो," मी म्हणालो.

"ते दिसतेच आहे. अक्षर मात्र झकास. चुका लांबूनही वाचता येतात." मग त्यांनी पोथी माझ्याकडे सरकवली. "आमची पोथी वापरा. उजाडल्यापासून मावळेपर्यंत. अडतीसच्या अडतीस दाखले अध्याय-श्लोकांत द्या. एकही राहिला तरी मी सभेपुढे सांगणार की या ग्रंथाचे दाखले तपासता येत नाहीत. मग दोनशेच्या दोनशे गेले असे समजा."

त्यात त्यांची एक अट होती. पोथीजवळ दौत-बोरू आणायचा नाही. मागे कोणीतरी चोरून नक्कल केली होती आणि वर पोथीवर शाई सांडली होती म्हणे. म्हणून माझी दौत पायरीवर आणि पोथी ओसरीवर. श्लोक शोधायचा, अध्यायाच्या सुरुवातीपासून बोटाने मोजायचा, आकडा तोंडात घोळवत पायरीपर्यंत जायचे, लिहायचे, परत यायचे. शास्त्रीबुवा झोपाळ्यावर बसून हे पाहत. वाटेत त्यांनी "काय, पाणी आलं का हौदाला?" एवढे विचारले तरी माझ्या तोंडातला आकडा सांडे आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजे. ते मुद्दाम विचारत, याची मला आजही खात्री आहे.

पहिल्या दिवशी तेरा झाले. दुसऱ्या दिवशी चौदा. दिवस लहान होते आणि दिव्याच्या उजेडात पोथी उघडायची नाही हा नियम आमच्या सगळ्यांचाच, त्यामुळे ऊन भिंतीवर चढू लागले की मी घाईने मोजी आणि चुकून पुन्हा मोजी. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सदतीस झाले.

अडतिसावा सापडेना.

मी तो अध्याय पहिल्यापासून वाचला. मग मागचा वाचला, मग पुढचा. पुन्हा तोच. दुधाचा श्लोक कुठेच नव्हता. त्याच्या आधीचा श्लोक होता, नंतरचाही होता, दोघे एकमेकांना अगदी खेटून बसले होते. मधे काही गेले असावे असे दिसत नव्हते. मावळतीला मी पोथी बांधून दिली.

"सदतीस," शास्त्रीबुवा पायरीवरच्या माझ्या कागदाकडे पाहत म्हणाले. "अडतिसावा कुठे गेला? दूध प्यायला?"

म्हणजे त्यांना आधीच ठाऊक होते. मी कागद उचलून निघालो. घरी बायकोने ताट वाढले, ते तसेच राहिले. "कोणाशी भांडून आलात का?" तिने विचारले. मी तिच्यावरच खेकसलो. ती म्हणाली, "म्हणजे चूक तुमचीच आहे." आणि ताट उचलून आत गेली.

रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे सासवडच्या पोथीचे ते पान होते. आणि त्यात आधी कधी न दिसलेली एक गोष्ट दिसू लागली. दुधाचा श्लोक ओळीत नव्हता. तो समासात होता.

समासात असणे हा गुन्हा नाही. मूळ लिहिणाऱ्याकडून एखादा श्लोक राहिला तर तो समासात लिहितो आणि ओळीत जिथे तो हवा तिथे काकपद काढतो. काकपद म्हणजे कावळ्याच्या पायाची बारीक खूण, बोरूचे दोन फटकारे. ती खूण असेल तर समासातला श्लोक ग्रंथाचाच. ती नसेल तर ते कोणा वाचणाऱ्याचे टिपण, ग्रंथाशी त्याचा संबंध नाही. आमच्या धंद्यातले पोरही हे पहिल्या महिन्यात शिकते. खूण होती का? मला आठवेना. मी पाहिलेच नव्हते. श्लोक दिसला, हवा तोच अर्थ दिसला, आणि मी हरखून तो उचलला होता.

खूण असेल तर सगळे ठीक होते. शास्त्रीबुवांच्या पोथीत तो श्लोक गळाला आहे, सासवडच्या पोथीत आहे, असे म्हणता आले असते. पोथ्यांत असे होतच असते. खूण नसेल तर वैद्यबुवांचा खांब हवेत उभा होता. मी त्यांना काही सांगितले नाही. चौथ्या दिवशी उजाडताच पिशवीत दौत-बोरू टाकला आणि सासवडची वाट धरली.

दिवेघाट चढताना मी देवाला नवस बोललो. काय बोललो ते सांगत नाही, फेडावा लागला नाही. पोहोचेपर्यंत अंधारले; दिव्याच्या उजेडात पोथी उघडायची नाही, म्हणून मुक्काम गावाबाहेर केला आणि पाचव्या दिवशी सकाळी त्या घरी गेलो. घरचे म्हातारे गृहस्थ नुकतेच आंघोळ करून बसले होते. त्यांनी काही न विचारता पोथी काढून रुमाल सोडला. मी पाने उलटत गेलो. बेचाळीस. तिसरी ओळ.

ओळ स्वच्छ होती. खूण नव्हती.

मी पान उजेडाकडे धरले, तिरके धरले. कुठे पुसट झाली असेल, कसर लागली असेल. काही नाही. समासातल्या श्लोकाची शाईही निराळी, तपकिरी पडलेली, आणि अक्षर मूळ लिहिणाऱ्याचे नव्हेच. वाकडे, जड हाताचे. मला एकदम रडू येईल असे झाले. बेचाळिसाव्या पानाने मला अगोदर हसवले होते, त्याचेच मोल ते आता वसूल करत होते.

"चालून आलात. गूळपाणी आणतो," म्हातारे म्हणाले आणि आत गेले.

पोथी उघडी होती. ओसरीवर कोणी नव्हते. माझ्या पिशवीत दौत होती. दोन फटकारे. मी आयुष्यात हजारो काकपदे काढली होती. डोळे मिटूनही निघाली असती. शाई जरा पातळ केली की जुनी दिसते, तेही मला ठाऊक होते. मग सभेत ही पोथी मागवा म्हणायचे, ती येईल, खूण दिसेल, शास्त्रीबुवांची जीभ गप्प बसेल. कोणाचे नुकसान होणार होते? वैद्यबुवांचे म्हणणे खरेच होते. मुले वाचणारच होती. मी बोरू बुडवला. खोटे कशाला सांगू, मी बोरू बुडवला आणि पानावर वाकलो.

खूण नेमकी कुठे बसवायची हे पाहायला मी नाक कागदाला लागेल इतका वाकलो होतो. तेव्हा त्या श्लोकाखाली बारीक मोडीत लिहिलेली एक ओळ दिसली. मागच्या खेपेला ती मी पाहिली होती, पण घरातले काही टिपण असेल म्हणून सोडून दिली होती. श्लोक हवा होता मला. मोडीशी मला काय करायचे होते? आता वाचली.

'पहिली दोन गेली. पुढची दोन वाचली.'

एवढेच. नाव नाही, तिथी नाही. बोरूच्या टोकाशी शाईचा थेंब जमू लागला तसा मी हात झटकन मागे घेतला. थेंब माझ्या धोतरावर पडला. ज्याने कोणी ते लिहिले त्याने खूण काढली नव्हती. त्याला ती काढता आली असती. तोही शिकलेला होता, श्लोक रचण्याइतका. पण हे ग्रंथातले नाही, माझे आहे, हे त्याला लपवायचे नव्हते. आणि मी त्याच्या दोन मेलेल्या लेकरांवर चोरून दुसऱ्याचे नाव घालायला निघालो होतो. मला स्वतःची इतकी लाज त्यापूर्वी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही.

म्हातारे गूळपाणी घेऊन आले. मी विचारले, हे कोणी लिहिले असेल?

"काय ठाऊक," ते म्हणाले. "पोथी चार घरं फिरून आमच्याकडे आली. प्रत्येक घरी कोणी ना कोणी समासात काहीतरी खरडलंच आहे. मागच्या पानावर तर एकाने तांदळाच्या पोत्यांची यादी लिहिली आहे."

मी पाणी पिऊन निघालो. संध्याकाळी पुणे गाठले ते थेट नारायण पेठेत. वैद्यबुवा अंगणात वाळत घातलेला ओवा गोळा करत होते. मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले: पानांचे आकडे, शास्त्रीबुवा, सदतीस, समास, खूण. बुडवलेला बोरूही सांगितला.

ते मुठीने ओवा गोळा करत राहिले. मग म्हणाले, "सहा वर्षे मी तुमच्या अक्षरावर डोळे मिटून हात ठेवला."

"हो, बुवा."

"डोळे उघडे ठेवायला हवे होते. चूक माझीही आहे." हातातला ओवा त्यांनी सुपात टाकला. "सभेत म्हणता येईल की आमच्या पोथीत आहे, तुमच्यात नाही. सासवडची पोथी मागवायला दोन-तीन दिवस जातील. तोवर सभा उठेल."

मी मान वर केली. हे माझ्याही मनात घाटात आले होते. पण मला गप्प बसवेना. मी म्हणालो, "त्या श्लोकाखाली मोडीत एक ओळ आहे, बुवा." आणि ती म्हणून दाखवली.

ते खाली बसले. ओव्याच्या सुपाशेजारी, जमिनीवर. "पुन्हा सांगा," म्हणाले. मी पुन्हा सांगितली. त्यांनी पंच्याने तोंड पुसले आणि पंचा तसाच तोंडावर धरून ठेवला. मी तिथून जावे की थांबावे हे मला कळेना. थांबलो.

"उद्या उजाडल्यावर या," ते शेवटी म्हणाले. "येताना हरताळ आणा."

हरताळ म्हणजे पिवळ्या दगडाची पूड. चुकलेले अक्षर झाकायला आम्ही ती लावतो. सकाळी त्यांच्या समोर बसून मी आधी सदतीस दाखले बदलले, मग अडतिसाव्यावर पिवळा हात फिरवला. ते सांगत गेले, मी लिहिले: हे मूळ ग्रंथात नाही, एका पोथीच्या समासात अज्ञात हाताने लिहिलेले आहे, लिहिणाऱ्याच्या चुकीने मूळ म्हणून घेतले गेले होते. लिहिणारा म्हणजे मी. माझी चूक मी माझ्याच सुरेख अक्षरात लिहिली. शाई वाळली तेव्हा सभेची वेळ झाली होती.

मंडप भरला होता. मी खांबाला टेकून उभा होतो. शास्त्रीबुवा पाने उलटत होते. दाखल्यावर बोट ठेवायचे, डोळे मिटायचे, मान हलवायचे, पुढे. असे दोनशे वेळा. मग बोट पिवळ्यावर थांबले. त्यांनी समासातला मजकूर मोठ्याने वाचला.

मंडपात हसू पसरले. एक गृहस्थ म्हणाले, "आता समासही प्रमाण झाले का? मग आमच्या घरच्या भिंतीवर मुलांनी कोळशाने बरेच लिहून ठेवले आहे, तेही घ्या."

वैद्यबुवा उठले. "प्रमाण म्हणून दिलेले नाही," ते म्हणाले. "साक्ष म्हणून दिले आहे."

"साक्षीदार कोण?" शास्त्रीबुवांनी विचारले.

"ठाऊक नाही. ज्याची दोन मुले गेली, असा कोणीतरी." मग जरा थांबून म्हणाले, "दुसरा साक्षीदार हजर आहे. माझे एक गेले."

त्यानंतर कोणी हसले नाही. पण न हसणे म्हणजे मान्य करणे नव्हे. मंडळी आपसांत कुजबुजली, दोघातिघांनी मान हलवली आणि शेवटी शास्त्रीबुवांनी निर्णय सांगितला. दोनशेवर दाखले तपासले, सगळे खरे निघाले, ग्रंथ पसंत. बारा नकला कराव्यात. दुधाच्या परिच्छेदाला मात्र आधार नाही, म्हणून तो कोणत्याही नकलेत नसावा.

वैद्यबुवांनी हात जोडले आणि खाली बसले. लोक त्यांना शाबासकी द्यायला येत होते आणि ते सगळ्यांना मान हलवून उत्तर देत होते. मला वाटले, या माणसाचा ग्रंथ तरला, पण माझ्या घाईने त्याची मुलगी पुन्हा एकदा गेली. मी कोणाला न सांगता पायऱ्या उतरू लागलो.

खाली शास्त्रीबुवा जोडे शोधत होते. मला पाहून म्हणाले, "नकला आपणच करणार ना?"

"हो."

"ग्रंथात काय असावे ते सभेने ठरवले आहे," ते जोड्यात पाय घालत म्हणाले. "समासाचा विषय सभेपुढे नव्हता." आणि वळून न पाहता निघून गेले.

बारा नकलांना मला वर्ष लागले. कधी नव्हे ते मी सावकाश लिहीत होतो. प्रत्येक नकलेत त्या जागी पोचलो की सभेच्या हुकमाप्रमाणे परिच्छेद सोडून पुढे जायचो. मग पान वाळले की समासात, ओळीत कुठलीही खूण न काढता, लहान अक्षरात लिहायचो: तापातही दूध तोडू नये. त्याखाली मोडीत: पहिली दोन गेली, पुढची दोन वाचली. आणि त्याखाली आणखी एक: पुण्यात एक गेली.

पहिली नक्कल तपासताना वैद्यबुवांचा हात त्या पानावर थांबला. त्यांनी अंगठ्याने तो समास हलकेच चाचपला. "या बाजूला शाई जरा फिकी आहे," ते म्हणाले. "पुढच्या अकरांत गडद करा."

मी गडद केली. प्रत्येक पोथीचे शेवटचे पान आले की नेहमीची ओळ येई. जसे समोर पाहिले तसे उतरवले, इथपर्यंत मी बाराही पोथ्यांत लिहिले. दोष मला देऊ नये, हे कोणत्याही पोथीत लिहिले नाही. त्या वर्षापासून आजपर्यंत लिहिलेले नाही.